पागेवरची पाटी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

फत्तूला आज दवाखान्यात नेलं. पाणीगेटच्या खोलीत तो पलंगावर बसून श्वास ओढत होता म्हणे. शेजाऱ्यांनी फोन केला, शुभंकर स्कूटरवरून धावला. मला हे कळलं साडेदहाला, चहा झाल्यावर. ऑगस्टमध्ये माझी छाती उघडून शिवली, तेव्हापासून या घरात मला प्रत्येक बातमी गाळून मिळते. साय कुठे जाते कोण जाणे.

फत्तू म्हणजे फत्तेसिंहराव, माझा पाठचा भाऊ. बायको गेली, मूलबाळ नाही. शुभंकर माझा मुलगा खरा, पण त्याच्यावर हक्क दोघांचा. मिशांची ऐट काकाची उचलली आहे त्यानं, माझी नाही.

दुपारी शुभंकरचा फोन आला. "आबा, काळजी करू नका. डॉक्टर म्हणाले, स्टेबल आहेत."

स्टेबल! मी फोन ठेवला आणि मनानं थेट पागेत जाऊन पोहोचलो. वडील बडोदा संस्थानच्या पागेत दाण्याचे कारकून. फाटकावर मोठी इंग्रजी पाटी होती, पांढऱ्यावर काळी. इंग्रजीतला मी वाचलेला पहिला शब्द तोच, स्टेबल म्हणजे पागा. वडील छडीनं एकेक अक्षर दाखवत. फत्तू लहान, तो म्हणायचा, "घोड्यांना टेबल कशाला, आबासाहेब?" वडील हसत. आत शिरलं की ओल्या गवताचा, लिदीचा, तेल पाजलेल्या चामड्याचा वास. प्रत्येक घोड्याचं ठाण ठरलेलं, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव.

तर फत्तू स्टेबल आहे. बरं वाटलं. ठाणावर आहे म्हणजे.

१७ नोव्हेंबर

झोप लागली नाही. कविता आठवत राहिली.

आम्ही दोघे एकाच वर्गात होतो. मला विषमज्वर झाला, वर्ष बुडालं, आणि फत्तूनं मला गाठलं. चौथीला जनार्दन गुरुजी. त्यांची कविता शिकवण्याची पद्धत न्यारी. वर्गाच्या दोन रांगा करायचे. उजव्या रांगेनं पहिली ओळ म्हणायची, डाव्या रांगेनं दुसरी. "एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, तेव्हा कविता होते रे," असं म्हणत. मी उजवीकडे, फत्तू डावीकडे.

पागेतले शेवटचे घोडे विकले त्या वर्षी गुरुजींनी स्वतः एक कविता रचली. फळ्यावर लिहिली नाही, कुठं छापली नाही. तोंडानं सांगितली आणि तोंडानं घेतली. आठ ओळींची. माझ्या चार अजून जशाच्या तशा आहेत:

सांज उतरली पागेवरती
एक तुरंगम अजुनि न आला
दाणा वैरण तशीच पुढती
दिवा जळू द्या दारावरचा

यांच्यामागे एकेक अशा चार फत्तूकडे. दोघांनी मिळून कविता शेवटची म्हटली ती शुभंकरच्या बारशाला. त्यानंतर मी कितीदा म्हटलं, बाबा रे, सांग एकदा. त्याचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या तुझ्याकडे, माझ्या माझ्याकडे. सगळ्या तुला देऊन टाकल्या, तर मला बोलावशील कशाला, दादा?"

त्याच्या ओळी मी ऐकल्या आहेत, म्हणजे आठवायला हव्यात. पण ऑपरेशनच्या भुलीनं पुष्कळ काही पुसून नेलं. माझ्या ओळी तोंडात होत्या म्हणून राहिल्या. त्याच्या नुसत्या कानात होत्या.

शुभंकरला सांगितलं, काकाला विचार. एकेक ओळ सांगितली तरी चालेल.

"आबा, त्यांच्या तोंडात नळी आहे."

"मग नळी काढली की विचार."

"विचारतो," म्हणाला. चपला घालताना माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.

१८ नोव्हेंबर

आज त्या 'स्टेबल' शब्दाचीच मोजदाद करत बसलो. दुसरं काय करणार? मांजलपूरच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला शब्दच फिरायला नेतात.

फ्रिजच्या मागे डबा घरघरतो, तो स्टॅबिलायझर. समोरच्या फ्लॅटमधले हसमुखभाई चहाला आले. "जयवंतकाका, मार्केट स्टेबल छे, पण मारां घूंटण स्टेबल नथी!" स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारून हसले. त्यांच्या कोकिलाबेन भाचीसाठी स्थळ बघतायत. छोकरो कसा हवा? स्टेबल. म्हणजे नोकरी टिकवणारा, आईबापांना न सोडणारा. सरकार स्टेबल, तब्येत स्टेबल. एकेकाळी या शब्दात फक्त घोडे राहत. आता सगळं जग त्यात राहायला आलंय आणि घोडा एकही नाही.

शुभंकर नंदेसरीच्या कारखान्यात केमिस्ट आहे. जेवताना त्याला विचारलं, तुमच्या शास्त्रात काय अर्थ?

"आमच्याकडे काही माल अनस्टेबल असतो, आबा. थंडाव्यात ठेवायचा, धक्का लागू द्यायचा नाही. केव्हा काय होईल सांगता येत नाही. स्टेबल म्हणजे ज्याच्यात आता आपणहून काही बदल होणार नाही ते."

"मग आपला फत्तू?"

त्यानं भाकरी मोडली. पूर्णिमा म्हणाली, "आबा, जेवा आधी. गार होतंय." पूर्णिमा म्हणजे सूनबाई. तिनं "गार होतंय" म्हटलं की वाद संपतो. पानात काहीही असो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हट्ट धरला. मला ने म्हणजे ने. शुभंकर नाही म्हणाला, पूर्णिमा नाही म्हणाली, फोनवरून माझ्या हृदयाचे डॉक्टरही नाही म्हणाले. जिने नकोत, गर्दी नको, मनाला धक्का नको. मी म्हटलं, भावाला बघण्यात धक्का कसला? शेवटी शुभंकर म्हणाला, "उद्या बघतो. खुर्चीवरून नेता येईल का विचारतो."

तोवर एक सोय केली त्यानं. संध्याकाळी दवाखान्यातून फोन लावला आणि नर्सनं तो फत्तूच्या कानाशी धरला. मी आधी घसा साफ केला, लहान पोरासारखा. मग चालीवर म्हटलं, सांज उतरली पागेवरती.

पलीकडून यंत्राची टुकटुक तेवढी आली. त्याच्या ओळीला लागतो तेवढा वेळ थांबलो. मग म्हटलं, एक तुरंगम अजुनि न आला. चौथीत मी त्याला विचारलं होतं, तुरंगम म्हणजे काय रे? तर बिनदिक्कत म्हणाला, "तुरुंगातला घोडा." परीक्षेत मी तेच लिहून आलो!

हे आठवून फोनवरच हसलो. नर्सला वाटलं असेल, म्हातारा चळला. "बस काका, हवे एमने आराम करवा दो," म्हणाली.

उद्या जायचं आहे. पांढरा सदरा काढून ठेवला.

२० नोव्हेंबर

जाणं झालं नाही. सकाळी आठलाच शुभंकरला फोन आला आणि तो धावत गेला. पूर्णिमा म्हणाली, कारखान्यात काहीतरी बिघाड झालाय. दिवसभर तिचा फोन वाजत होता, ती गॅलरीत जाऊन बोलत होती आणि दार लावून घेत होती. मी सदरा घालून बसलो होतो.

संध्याकाळी शुभंकर आला तो सरळ न्हाणीघरात. बाहेर आला तर मिशी सफाचट! आणि डोक्याला लोकरीची टोपी, कान झाकणारी.

"अरे, हे काय?"

"कंपनीचा नियम आलाय, आबा. गॅसचा मास्क घट्ट बसत नाही मिशीनं."

"आणि टोपी?"

"सर्दी झालीय."

डोळे लाल होते, म्हणजे सर्दी असणार. तरी मी म्हटलं, काका उठून बसला की तुझी खैर नाही. नोकरी गेली तरी चालेल, मिशी जाता कामा नये, असं म्हणणारा माणूस तो! शुभंकर माझ्या पायांपाशी खाली बसला. खुर्च्या असताना जमिनीवर.

"कसा आहे फत्तू?"

"स्टेबल आहेत, आबा. आता एकदम स्टेबल."

"एकदम" पहिल्यांदाच म्हणाला. जिवावरचं ओझं उतरलं.

"मग उद्या नेशील?"

"सध्या कुणालाच आत सोडत नाहीत. इन्फेक्शन पसरतं."

पूर्णिमेनं मग मलाही आंघोळ करायला लावली. म्हटलं, सकाळी झालीय की. "पाणी तापलंय, आबा. थंडी आहे, अंग मोकळं होईल." डोक्यावरून घेतलं पाणी. पाठीवर तिनंच ओतलं. भली पोर आहे. दिवसभर राबते बिचारी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून खंडोबाचं नवरात्र. घट बसवायचा, सहा दिवस नंदादीप तेवत ठेवायचा आणि चंपाषष्ठीला तळी भरायची. आमच्या घराण्यात हे कधी चुकलेलं नाही. फत्तूही दरवर्षी चंपाषष्ठीला इथं येतो, वांग्याच्या भरितावर ताव मारतो.

सकाळी देवघरापाशी गेलो तर देव नाहीत! टाक, बाण, बाळकृष्ण, काही नाही. नुसता लाल कपडा.

"उजळायला दिलेत, आबा," पूर्णिमा लांबूनच म्हणाली. "काळे पडले होते. हसमुखभाईंच्या ओळखीचा सोनार आहे."

"अगं, ऐन नवरात्रात?"

"त्याला आजच वेळ होता."

मी चिडलो. बडोद्यात सोनारांचा दुष्काळ पडलाय का? मग लक्षात आलं की पहाटे दार वाजलं होतं आणि कोकिलाबेन पदराखाली काहीतरी झाकून नेताना दिसल्या होत्या. देवच नेत असणार सोनाराकडे. इतक्या पहाटे कोणता सोनार दुकान उघडतो देव जाणे.

आणखी एक. गुजराती पेपर आला नाही. पेपरवाल्याच्या घरी लग्न आहे म्हणे.

२२ नोव्हेंबर

आज आनंदाचा दिवस.

शुभंकर दुपारी माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं. "आबा, आज थोडा वेळ नळी काढली होती. काकांनी एक ओळ सांगितली."

"बोल!"

त्यानं खिशातून काही काढलं नाही. पाठ करून आला होता. भिंतीकडे बघत म्हणाला, "घोडे सगळे घरी येती."

सांज उतरली पागेवरती
घोडे सगळे घरी येती
एक तुरंगम अजुनि न आला

अगदी बसते! अर्थानं किती बसते! गुरुजीच ते! सगळे आले, आणि मग तो एक. मी त्याला तीनदा म्हणायला लावलं. एक मात्रा कमी पडते, हे खरं. गुरुजी "येती" लिहिणार नाहीत, "परतती" लिहितील. पण नळी काढलेल्या घशातून ओळ आली आहे, एक मात्रा वाटेत सांडली असेल. फत्तूनं दिली हेच मोठं. आयुष्यभर द्यायला तयार नव्हता, आज दिली.

"बाकीच्या तीन?"

"दमले ते, आबा."

"दमू दे. घाई नाही. आणखी काही म्हणाला?"

शुभंकरनं टोपी कानांवर ओढली. "म्हणाले, दादाला सांग, मिशी परत वाढव म्हणावं पोराला." आणि खळखळून हसला. हसता हसता सर्दीनं त्याचे डोळे गळायला लागले.

२४ नोव्हेंबर

जेवणाला चव नाही. चार दिवस झाले, आमटीला फोडणी नाही, पापड नाही, गोडाचा कण नाही. विचारलं तर म्हणे तुमच्या डॉक्टरांनी तेल बंद केलंय. पण ही दोघंही तेच खातायत. शुभंकर कामावर जात नाही. कारखाना देखभालीसाठी बंद आहे. रात्री चटईवर झोपतो. पाठ दुखते म्हणे.

हसमुखभाई आले, पांढरा झब्बा घालून. मी चहा सांगितला तर हात जोडले, "आजे नहीं, काका." चहाला नाही म्हणणारे हसमुखभाई मी बारा वर्षांत पाहिले नव्हते. मार्केटचं विचारलं तर मान हलवली. थोडा वेळ नुसते बसले आणि उठून गेले. बहुतेक बाजार पडला असावा, मोठा फटका बसलेला दिसतोय. सांगायला लाजत असतील.

मलाही दाणा जात नाही. वडील म्हणायचे, ठाणावरचा एखादा घोडा रात्री गेला, तर सकाळी शेजारच्या ठाणावरचा दाण्याला तोंड लावत नाही. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

हे मी आत्ता का लिहिलं कळत नाही.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

पूर्णिमा भाजीला खाली गेली होती, शुभंकर सकाळपासून बाहेर. घरात वांगं भाजल्याचा वास नाही, दारात झेंडू नाही. वाटलं, हसमुखभाईंकडून पेपर तरी आणावा. समोरचंच दार. काठी घेतली आणि गेलो.

कोकिलाबेननी दार उघडलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. "काका, तमे? बेसो ने, अहीं बेसो." मला बाहेरच्या सोफ्याकडे वळवत होत्या. पण त्यांचा देव्हारा स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यात आहे, आणि दारातून तो दिसतो.

श्रीनाथजींच्या तसबिरीशेजारी आमचा खंडोबा होता. विड्याच्या पानावर टाक, वर भंडारा, झेंडूची माळ. पुढ्यात नंदादीप. वात नीट कातरलेली, तेल काठोकाठ.

मी बघतोय हे कोकिलाबेननी बघितलं. डोक्यावर पदर घेतला त्यांनी. "पूर्णिमाबेने कह्युं एम ज करुं छुं, काका. दीवो एके वार बुझायो नथी. भूलचूक होय तो कहेजो."

मी म्हटलं, "दीवो बराबर छे, बेन."

आई गेली तेव्हा वडिलांनी स्वतः देवाला हात लावला नव्हता. शेजारच्या जोशीकाकांना बोलावलं होतं, आणि आमचे देव त्यांच्याकडे राहायला गेले होते. सुतक आमच्या घराला, देवाला नाही. देव शेजारी राहायला जातात ते एकाच कारणानं.

किती साधी माणसं ही! सहा दिवस मला तोंडावर खोटं सांगितलं, न अडखळता. मिशीचं, सोनाराचं, पेपरवाल्याच्या घरच्या लग्नाचं. पण देवाला दिव्याविना ठेवायचं खोटं काही त्यांना जमलं नाही. फोडणीचंही नाही.

घरी येऊन आंघोळ केली. गार पाण्यानं, डोक्यावरून. मधेच पूर्णिमा परत आली. भर दुपारी न्हाणीघरात पाणी कसलं, असं तिनं विचारलं नाही. मी बाहेर आलो तेव्हा ती दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. भाजीची पिशवी तशीच हातात. मी म्हटलं, "गुरुवारी तू घातलीस ती आंघोळ पुरली असती गं. पण ती तुझी होती. ही माझी." ती तिथंच खाली बसली.

संध्याकाळी शुभंकर आला. मी म्हटलं, "टोपी काढ." काढली. डोक्यावर नुकतेच खुंट फुटायला लागलेले.

"कधी?"

"गुरुवारी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास. मी पोहोचेपर्यंत..."

"मी सदरा घालून बसलो होतो, शुभंकर."

"डॉक्टर म्हणाले होते, आबा, तुम्हाला सांगितलं तर तुमचंही..."

"मुखदर्शन तरी."

त्यानं टोपीची घडी घातली. मला उत्तर नको होतं. मग विचारलं, "बुधवारी मी फोनवर म्हटलं ते त्याला ऐकू गेलं का?"

"नर्स म्हणाली, पापण्या हलल्या."

हे खरं का, ते विचारलं नाही. यापुढं विचारायची सोय राहिली नाही.

"आणि ती ओळ?"

तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "अस्थी घेऊन स्मशानातून येताना रिक्षात सुचली, आबा. शाळा सुटल्यापासून मी कविता वाचलेलीसुद्धा नाही. तुमच्या चार ओळी चालीवर म्हणत होतो मनात, दोन दिवस. तुम्हाला कळलं असतं का?"

"एक मात्रा कमी आहे."

"मला वाटलंच होतं," म्हणाला, आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. तो खरबरीत गोटा मी कुरवाळत राहिलो. जावळ काढलं होतं तेव्हा असाच लागायचा.

२८ नोव्हेंबर

एक राहून गेलं होतं, ते आज आठवलं. घोडे विकले गेले तरी पागेवरची पाटी काढली नव्हती. आम्ही शाळेतून येताना फाटकातून डोकवायचो. आत रिकामी ठाणं, भिंतीवर नावं, जमिनीत रुतलेल्या खुंट्या. वर पांढऱ्यावर काळा तोच शब्द. फत्तू म्हणाला होता, "दादा, आता कुणाचं रे हे?"

शुभंकरची 'स्टेबल'ची व्याख्या बरोबर होती. आता आपणहून काही बदल होणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार

काल तेरावा झाला. गोडाचं पान वाढलं. आज सकाळी कोकिलाबेन देव घेऊन आल्या, दिवाही तेवता आणला, पदराच्या आडोशानं जिना नाही तरी पॅसेज ओलांडून. उशिरा का होईना, तळी भरली. येळकोट म्हणायला तिघेच होतो. कोकिलाबेन आणि हसमुखभाई दारात उभे राहून हात जोडत होते, त्यांना आत ओढलं, मग पाच झालो. भरीत केलं होतं. फत्तूचं पान मांडलं.

नंतर मी कविता म्हटली. चालीवर, उभा राहून, गुरुजींसमोर म्हणावी तशी. माझी एक ओळ म्हणायची आणि त्याच्या ओळीइतकं थांबायचं. तीन ठिकाणी नुसता फ्रिजचा डबा घरघरत होता. त्या तीन ओळी गेल्या. त्या आता कुणाकडे नाहीत, आणि मी त्या रचणार नाही.

पहिल्या थांब्याला मात्र शुभंकर म्हणाला, "घोडे सगळे घरी येती."

"परतती" केलं की ओळ सरळ होते, हे त्याला मी सांगितलेलं नाही. चाल सोळा मात्रांची आहे, त्याची ओळ पंधरांत संपते. पुढची ओळ उचलण्याआधी एका मात्रेपुरतं थांबावं लागतं. डावीकडच्या रांगेत कुणी श्वास घेईल, तेवढंच.

तिथं मी थांबलो. मग म्हटलं, एक तुरंगम अजुनि न आला.